सावलीचे क्षेत्रफळ

मुंबईत झाडे किती, या प्रश्नाला महापालिकेकडे नेमके उत्तर आहे. गेल्या दशकातल्या वृक्षगणनेनुसार ती २९ लाख ७५ हजारांहून अधिक आहेत. भारतीय वन सर्वेक्षणाचा २०२१ चा अहवाल सांगतो की बृहन्मुंबईत सुमारे ११० चौरस किलोमीटर वनाच्छादन आहे, म्हणजे शहराच्या क्षेत्रफळाचा जवळपास चौथा हिस्सा. दोन्ही आकडे दिलासा देणारे आहेत. तरीही एप्रिलच्या दुपारी काळबादेवीच्या गल्लीतून ओझे वाहून नेणाऱ्या माणसाला त्यांचा काही उपयोग नाही. त्या ११० चौरस किलोमीटरांतला मोठा वाटा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा, आरेचा आणि खाड्यांलगतच्या कांदळवनांचा आहे. ही जंगले मुंबईचे वैभव आहेत आणि ती टिकलीच पाहिजेत. पण त्यांची सावली गिरगावात पोहोचत नाही. शहराची सरासरी आणि मोहल्ल्याचे वास्तव यांत एवढे अंतर पडते, त्याचे कारण आपण काय मोजतो यात आहे. आपण झाडांची डोकी मोजतो. माणसांना मिळते ती सावली, आणि सावलीला क्षेत्रफळ असते. राहत्या वस्त्यांमधले वृक्षछत्र वाढवायचे असेल, तर ते या क्षेत्रफळात मोजावे लागेल. ते मोजू लागलो की लगेच दिसते की सावली ठरते ती झाडाखालच्या मोकळ्या मातीवरून, आणि ती माती राहणार की जाणार याचा निकाल वृक्षारोपणाच्या सप्ताहात लागत नाही. तो इमारतीच्या नकाशावर लागतो.

झाड गारवा देते ते दोन रीतींनी. एक तर ते ऊन जमिनीपर्यंत येऊ देत नाही, त्यामुळे डांबर, काँक्रीट आणि पश्चिमेची भिंत दिवसभर उष्णता साठवून रात्री ती घरात सोडत नाहीत. दुसरे म्हणजे पानांतून बाष्प सोडताना ते आजूबाजूच्या हवेतली उष्णता वापरते. बंगळुरूत झाडे असलेल्या आणि नसलेल्या रस्त्यांची तुलना हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुपारच्या हवेच्या तापमानात ५.६ अंशांपर्यंत आणि रस्त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानात तब्बल २७.५ अंशांपर्यंत फरक आढळला. ज्यांना रस्त्यावर उभे राहून पोट भरावे लागते, ज्यांची मुले अनवाणी फिरतात, त्यांच्या दृष्टीने दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे. युरोपातल्या ९३ शहरांचा एक अभ्यास २०२३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. त्या शहरांत वृक्षछत्र सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास होते. ते ३० टक्के असते तर २०१५ च्या एका उन्हाळ्यात शहरी उष्णतेमुळे झालेल्या सुमारे ६,७०० अकाली मृत्यूंपैकी २,६४४ टळले असते, असा त्याचा हिशेब आहे. तिथे तापमानात सरासरी घट धरली होती केवळ ०.४ अंशाची. आपल्याकडचे उन्हाळे, आपली घरे आणि आपली वीज युरोपासारखी नाही, म्हणून हे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण अर्ध्या अंशाहून कमी फरकही जीव वाचवतो, एवढे त्यातून निश्चित कळते.

आणखी एक अभ्यास या चर्चेत फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात संशोधकांनी सायकलीला तापमान मोजणारी उपकरणे लावून शहरभर फेऱ्या मारल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षात दोन गोष्टी होत्या. झाडांचा गारवा प्रामुख्याने साठ ते नव्वद मीटरांच्या टापूतच काम करतो. आणि त्या टापूतले छत्र ४० टक्क्यांच्या पुढे गेले की दिवसाचा गारवा झपाट्याने वाढतो. म्हणजे विरळ झाडे सगळीकडे विखरून लावली तर लाभही विरळच मिळतो, आणि दूरच्या टेकडीवर लावलेल्या हजार रोपांनी सोसायटीच्या आवारातल्या एका वडाची जागा भरून निघत नाही. सावली एका ठिकाणची उचलून दुसरीकडे देता येत नाही. आपली सगळी शासकीय वृक्षनीती मात्र ती देता येते असे गृहीत धरून चालते.

इथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. पूर्ण वाढलेल्या पर्जन्यवृक्षाचा, चिंचेचा किंवा करंजाचा पसारा बारा मीटर व्यासाचा धरला, तर त्याच्या छत्राचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मीटर भरते. दोन हजार चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण अर्ध्या एकराच्या सोसायटीच्या भूखंडावर ३० टक्के छत्र हवे असेल तर लागतात ६०० चौरस मीटर. म्हणजे अशी पाच-सहा झाडे. हेच छत्र एक मीटर पसाऱ्याच्या रोपांनी करायचे म्हटले तर साडेसातशेवर रोपे लागतील. अर्ध्या एकरात पाच मोठी झाडे ही काही वनराई झाली नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या कितीतरी वसाहतींत तेवढी झाडे होती, अजूनही काहींत आहेत. लक्ष्य आवाक्याबाहेरचे नाही. फक्त ते पाच झाडांचे आहे आणि प्रत्येकाला कित्येक घनमीटर श्वास घेणारी, पाणी मुरणारी माती हवी आहे, हे ओळखायला हवे.

आता आपल्या कायद्याकडे वळू. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा. त्या काळाच्या मानाने तो दूरदृष्टीचा होता: खासगी आवारातले झाडही परवानगीविना तोडता येणार नाही, प्रत्येक नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण असावे, ठरावीक काळाने वृक्षगणना व्हावी, हे त्याने सांगितले. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ मानले आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके तितकी नवी रोपे लावण्याचे बंधन घातले. हेतू चांगला आहे. एकाला एक या जुन्या हिशेबापेक्षा तो नक्कीच पुढचा आहे. पण वरच्या गणितात घालून पाहा. चाळीस वर्षांच्या झाडाबदल्यात चाळीस रोपे आली आणि सगळी जगली, तरी सुरुवातीला त्यांची मिळून सावली एकतीस चौरस मीटर, म्हणजे गेलेल्या छत्राचा जेमतेम पाव वाटा. वीस-पंचवीस वर्षांनी ती मूळ झाडाला मागे टाकतील हे खरे, पण कुठे? ज्या भूखंडावर एका झाडाला जागा उरली नाही तिथे चाळीस मावणार नाहीत. ती जातात शहराच्या कडेला, एखाद्या टेकडीवर किंवा महामार्गालगत. कागदावर शहराचे खाते जमेचे राहते आणि ज्या गल्लीतले छत्र गेले, तिच्या खात्यावर भरपाई काहीच येत नाही. राज्याने २०१९ पर्यंत ५० कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले होते. त्या मोहिमेच्या यशापयशावर पुष्कळ वाद झाले. तिने एक समज मात्र पक्का केला, की झाड म्हणजे लावण्याची गोष्ट. राहत्या वस्तीत ती आधी जागा राखण्याची गोष्ट आहे.

हे पूर्वी आपल्याच शहरांत नीट उमगलेले होते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याची जी आखणी केली, तिच्यात रस्त्यांची रुंदी, इमारतींमधले अंतर आणि मधली मैदाने आधी ठरली, घरे नंतर आली. दादरच्या पारशी कॉलनीचे शिल्पकार मंचेरजी जोशी यांनी तर रस्त्यारस्त्याला वेगळी झाडे लावण्याची योजना केली. फिरदौसी रोडवरची महोगनी आणि जामे जमशेद रोडवरचे अशोक आजही दाखवले जातात. शंभर वर्षांनंतर तो भाग शेजारच्या वस्त्यांपेक्षा सुखाचा वाटतो, याचे श्रेय कोणत्याही एका लागवडीला नाही. झाड मोठे होईल असे गृहीत धरून रस्ता आखला गेला, याला आहे. पुण्यात प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्त्याच्या परिसराची गोष्ट थोडी निराळी. तिथे रस्त्यावर जी सावली पडे, तिच्यातली बरीचशी बंगल्यांच्या आवारांतून कुंपण ओलांडून येई. सार्वजनिक रस्त्याचे छत्र खासगी मातीवर उभे होते. म्हणून बंगला जाऊन इमारत आली, मग ती पाडून आणखी उंच इमारत आली, की रस्त्याचे रूपही पालटते, आणि महापालिकेने फुटपाथवर एकही झाड तोडलेले नसते.

आजचा खरा प्रश्न या पुनर्विकासातच आहे. जुनी तीन-चार मजली इमारत पडते तेव्हा तिच्याबरोबर तिच्या भोवतीची चाळीस-पन्नास वर्षांची झाडेही धोक्यात येतात. त्यातली काही बांधकामाच्या आड येतात हे समजण्यासारखे आहे. पण जी आड येत नाहीत, तीही जातात, कारण तळघरातले वाहनतळ भूखंडाच्या एका हद्दीपासून दुसऱ्या हद्दीपर्यंत खोदले जाते. वरून पोडियम येतो, पोडियमवर दीड-दोन फूट मातीचा थर देऊन बाग होते. त्या थरात हिरवळ, शोभेची झुडपे आणि बाटली पाम जगतात; करंज किंवा जांभूळ मोठे होत नाहीत. उरलेल्या बाजूच्या पट्ट्यात अग्निशमन बंबाची वाट, जलवाहिन्या, मलनिःसारण आणि वर पेव्हर ब्लॉक. माहितीपत्रकातल्या चित्रात सगळे हिरवे दिसते. त्या हिरव्याखाली पृथ्वीशी जोडलेली माती किती चौरस मीटर आहे, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत सहसा विचारला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात, मुंबईतल्या इमारतींना नियमाने ठेवावी लागणारी किमान करमणुकीची मोकळी जागा पोडियमवर दाखवता येणार नाही, ती जमिनीवरच हवी, असा निर्णय दिला होता. नंतर विकास नियमावली बदलली. तरी त्या निर्णयात जमीन आणि तिचा वर उचललेला देखावा यांत जो फरक केला गेला, तो वृक्षछत्राच्या दृष्टीने निर्णायक आहे आणि नियमांत पुन्हा ठामपणे यायला हवा. ‘इतक्या चौरस मीटरला एक झाड’ या अटीऐवजी ‘भूखंडाचा अमुक हिस्सा तळघराविना, सलग, खोल माती’ अशी अट असली, तर झाडे आपसूक येतील.

यावर पहिला आक्षेप येतो तो घरांचा. शहरात माणसांनाच जागा नाही, तिथे झाडांसाठी जमीन अडवून घरे महाग करायची का? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याची टिंगल करणे चुकीचे आहे. पण झाडाची गाठ इथे घराशी पडत नाही. घरे वर चढतात. जमिनीखाली पसरते ते वाहनतळ. झाड आणि माणूस यांच्यात नाही, तर झाड आणि दुसरी-तिसरी मोटार यांच्यात ही स्पर्धा आहे. तळघर हद्दीपासून काही मीटर आत घेतले आणि गरज असेल तिथे एक मजला अधिक खोल नेले, तर सदनिकांची संख्या तेवढीच राहते. खर्च वाढेल, हे कबूल करायला हवे. पण तो खर्च एकदाच येतो, आणि छत्र नसण्याचा खर्च प्रत्येक घर प्रत्येक उन्हाळ्यात विजेच्या देयकात भरते. सिंगापूर हे जगातल्या दाट शहरांपैकी एक. तिथे रस्त्यालगत झाडांसाठी मातीची पट्टी राखणे विकासकाला टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि दर पावसाळ्यात तिला नवे कारण मिळते. झाड पडते, फांदी कोसळते, माणसे जातात. ज्याच्या घरात असे घडले त्याला छत्राचे टक्के सांगण्यात अर्थ नाही. म्हणूनच झाडे का पडतात हे नीट पाहायला हवे. केबल, गॅस आणि पाण्याच्या वाहिन्यांसाठी चर खणताना एका बाजूची मुळे सर्रास कापली जातात. बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडवल्याने मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही, खोडाचा तळ कुजतो. तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्याने झाडाचा तोल जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश देताना बुंध्याभोवतीचे एक मीटर काँक्रीट काढायला सांगितले होते, ते यासाठीच. आपल्याकडे रस्ते काँक्रीटचे करण्याचे काम जोरात चालू असताना हे एक मीटरचे आळे प्रत्येक निविदेत असायला हवे, आणि ते न ठेवणाऱ्या ठेकेदाराचे देयक थांबायला हवे. गुलमोहोरासारख्या ठिसूळ लाकडाच्या झाडांची वेळेवर पाहणी व्हावी, पोखरलेले झाड काढावे लागले तर काढावे. झाड तोडण्याच्या प्रत्येक परवानगीला विरोध करणे म्हणजे छत्राची बाजू घेणे नव्हे.

इथेच देखभालीचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते आपल्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी चूक याच ठिकाणी आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात २०११ ते २०१४ या काळात घरासमोर फुकट झाड लावून देण्याची योजना होती. पात्र असलेल्या ७,४२५ रहिवाशांपैकी सुमारे चोवीस टक्क्यांनी ‘झाड नको’ असे कळवले. संशोधकांनी त्यांच्याशी बोलून पाहिले, तेव्हा झाडांबद्दल तिरस्कार कुठेच नव्हता. पूर्वीची झाडे मेली, पडली, तेव्हा महापालिका फिरकली नाही, आणि आता कोणते झाड, कुठे, हे विचारलेही नाही, ही त्यांची तक्रार होती. आपल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे म्हणणे याहून फार वेगळे नाही. रस्त्यावरच्या झाडांची छाटणी महापालिका करते. आवारातल्या झाडाची छाटणी रहिवाशांनी परवानगी काढून, स्वतःच्या पैशाने करायची. फांदी पडून मोटारीची काच फुटली तर भांडणही त्यांचेच. सावली मात्र साऱ्या गल्लीला. कायदा झाड तोडू देत नाही हे योग्यच, पण जपणाऱ्याला एकटे पाडतो. अशाने मोठे झाड सोसायटीला कर्जासारखे वाटू लागते आणि पुनर्विकासात ते फेडून मोकळे होण्याची संधी दिसते. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण करणाऱ्यांना मालमत्ता करात पाच ते दहा टक्के सवलत देते. तीच सवलत राखलेल्या वृक्षछत्राला का नसावी? उपग्रहाच्या चित्रांवरून भूखंडागणिक छत्र मोजणे आता अवघड राहिलेले नाही. सवलतीच्या जोडीला प्रशिक्षित माणसांकडून माफक दरात छाटणी मिळाली, तर निम्म्या तक्रारी मिटतील.

झाड कोणते, यावर आपल्याकडे देशी-विदेशी असा वाद फार रंगतो. नवी लागवड देशी झाडांची असावी यात शंका नाही; पक्षी, कीटक आणि माती यांचा त्यांच्याशी जुना संबंध आहे. पण उभा असलेला, निरोगी पर्जन्यवृक्ष केवळ अमेरिका खंडातून आला म्हणून नकोसा होऊ नये. निवडीचा एक वेगळा निकष आपण विसरतो, तो म्हणजे एप्रिल. आपली कितीतरी सुंदर झाडे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतात. पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण अवस्थेत फुलतात. बहावा पिवळ्या झुंबरांनी डोळे निववतो, पण तेव्हा त्याच्याखाली सावली नावालाच असते. ती जरूर लावावीत, बागेत, चौकात. ज्या फुटपाथवर शाळेतली मुले आणि भाजीवाल्या बायका दुपारी असतात, तिथे मात्र मार्चमध्ये थोडी पाने टाकून लगेच पोपटी पालवीने भरणारा करंज हवा, कडुनिंब हवा. जागा अरुंद असेल तर सदाहरित बकुळ किंवा पुत्रंजीवा, आणि मोकळे आवार असेल तर आंबा, जांभूळ. आसुपालवाची सरळसोट रांग आणि पामच्या जोड्या यांची निवड होते ती त्या जागा कमी घेतात म्हणून. सावलीही त्या तितकीच कमी देतात, आणि वृक्षगणनेत त्यांची नोंद वडाच्या बरोबरीने एकेक अशीच होते.

दाट छत्राखाली रहदारीचा धूर अडकतो, हेही खरे आहे. उंच इमारतींच्या मधल्या, वाहनांनी भरलेल्या अरुंद रस्त्यांवर विरळ पर्णसंभाराची झाडे थोड्या अंतराने लावणे बरे. राहत्या गल्ल्यांत वाहने कमी, तिथे ही अडचण मोठी नाही.

सर्वांत कठीण भाग आहे तो आवारच नसलेल्या वस्त्यांचा. बंगळुरूच्याच एका पाहणीत, २०१० मध्ये, आढळले की दाट वस्तीतल्या अरुंद रस्त्यांवर झाडे कमी, लहान आणि मोजक्याच जातींची असतात. भुलेश्वर, पुण्यातल्या पेठा, धारावी यांना हे वेगळे सांगायला नको. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांना सावलीची गरज सर्वाधिक, आणि सोसायटीच्या नकाशातली कोणतीही सुधारणा त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. तिथे माती शोधावी लागेल: महापालिकेच्या शाळांच्या फरसबंद पटांगणांत, नाल्यांच्या काठांवर, देवळांच्या, दर्ग्यांच्या आणि दवाखान्यांच्या आवारांत, स्मशानभूमींत. स्टॉकहोमने फरसबंदीखाली मोठे दगड रचून त्यांच्या फटींत माती भरण्याची पद्धत रुळवली आहे. वरून माणसे आणि वाहने जातात, खाली मुळे वाढतात. हे काम खर्चाचे आहे आणि ते लोकवर्गणीतून होणारे नाही. पण १९७५ च्या कायद्याने महापालिकांना वृक्ष उपकर घेण्याचा अधिकार दिला आहे आणि तो मालमत्ता कराच्या देयकात दरवर्षी वसूल होतो, झाडांनी भरलेल्या विभागात आणि एकही मोठे झाड नसलेल्या विभागातही. त्या पैशाचा विभागवार हिशेब छत्राच्या टक्केवारीशेजारी छापावा आणि जिथे छत्र सर्वांत कमी, तिथे तो पहिल्यांदा खर्च करावा. महापालिकेच्या पुढच्या अर्थसंकल्पापासून हे सुरू करता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.